आगगाडीचे फोटो आणि राहून गेलेला एक चेहरा

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या सचित्र भाषणाचा हा मजकूर. पडद्यावर दाखवलेली सगळी छायाचित्रं जागेअभावी इथे देता आलेली नाहीत.)



व्याख्यानाला उभं राहायची माझी ही पहिलीच वेळ. मी डिप्लोमा झालेला, रेल्वेत नोकरी करणारा साधा अभियंता. पाना आणि गेज हातात धरायची सवय आहे, माईकची नाही. पण आपल्या चिटणीसकाकांनी घरी येऊन माझे अल्बम पाहिले आणि म्हणाले, "अरे, हे कपाटात ठेवून काय करणार? पडद्यावर दाखव आणि दोन शब्द बोल." काकांचा शब्द मोडवत नाही, म्हणून उभा आहे. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. बाप्पा समोर बसलेले आहेतच.

विषय आहे शरद ऋतूत वाफेच्या इंजिनांचे फोटो काढणं. आता भाद्रपद चालू आहे. बाप्पा गावाला गेले की पितृपक्ष, मग घटस्थापना, आणि तिथून आश्विन-कार्तिक, म्हणजे शरद. आपण महाराष्ट्रातून आलेली मंडळी 'ऑक्टोबर हीट' म्हणून नाक मुरडतो. पण इथे जयपूरला राहणाऱ्यांना ठाऊक आहे की मे-जूनची धूळ पावसानं खाली बसवलेली असते, अरवलीच्या टेकड्यांवर अजून हिरवं शिल्लक असतं, बाजरी निघालेली असते आणि रुळांच्या कडेला मुंज गवताचे पांढरे तुरे डोलत असतात. फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवं?

आगगाडी हा शब्द

आधी बालमित्रांना एक प्रश्न. तुमच्या शाळेतले हिंदी बोलणारे मित्र काय म्हणतात? रेलगाडी. आपण काय म्हणतो? आगगाडी. गुजराती मंडळीही आगगाडीच म्हणतात. त्यांनी रुळांवरून नाव ठेवलं, आपण पोटातल्या आगीवरून. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटरची पहिली गाडी निघाली, तेव्हा लोकांनी जे पाहिलं तेच नाव दिलं. आज पोटात आग नाही, डोक्यावर तार आहे, तरी आजीच्या तोंडी आगगाडीच आहे. शब्द राहिला, आग विझली.

ती कधी विझली? चित्तरंजनच्या कारखान्यात ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० साली तयार झालं. त्याचं नाव 'अंतिम सितारा'. मीटरगेजचं शेवटचं १९७२ साली. ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित वाहतूक ६ डिसेंबर १९९५ रोजी पंजाबात जालंधर-फिरोजपूर मार्गावर संपली. विदर्भातल्या मंडळींना आपली शकुंतला आठवत असेल. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर ते छोटं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत होतं, मग तिथे डिझेल आलं.

माझा डिप्लोमा झाला आणि मी रेल्वेत लागलो तोवर हे सगळं आटोपलं होतं. वाफेच्या इंजिनावर मी एक दिवसही काम केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या गोष्टीचा त्याच्याशी संबंध आहे.

आपल्या दारातला वारसा

जयपूरचे लोक हवामहाल आणि आमेर दाखवतात. रेल्वेचा वारसा कुणी दाखवत नाही. वास्तविक १८७३ साली दिल्ली-रेवाडी हा मीटरगेज मार्ग सुरू झाला, तो देशातल्या सर्वांत आधीच्या मीटरगेज मार्गांपैकी एक. इथून जवळच अजमेर. तिथल्या कारखान्यात १८९५ साली एफ ७३४ हे इंजिन तयार झालं, भारतात बांधलेलं पहिलं वाफेचं इंजिन. ते आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. आणि आपलं फुलेरा! आज आपण फुलेऱ्याला गाडी थांबली की चहा घेतो आणि पुढे जातो. एके काळी तिथे मीटरगेज इंजिनांची मोठी शेड होती. नव्वदच्या दशकात हे मार्ग ब्रॉडगेज झाले आणि ती सगळी दुनिया उठून गेली.

मग फोटो कशाचे काढायचे? तर रेवाडीचे. जयपूरहून बांदीकुई-अलवरमार्गे सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर रेवाडीची शेड आहे, १८९३ सालची. मोडीत निघायची ती वाचली, दुरुस्त झाली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये वारसा संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली. तिथे वाफेची इंजिनं चालू स्थितीत ठेवलेली आहेत. त्यांची नावंही ऐकण्यासारखी आहेत. 'अकबर', 'आझाद', 'शेर-ए-पंजाब', 'रेवाडी किंग'. यांतला 'आझाद' अमेरिकेत १९४७ साली तयार झाला, म्हणून हे नाव. 'शेर-ए-पंजाब' म्हणजे ते ६ डिसेंबरचं फिरोजपूरचं इंजिन.

आणि या सगळ्यांची आजी म्हणजे 'फेअरी क्वीन'. पडद्यावर पाहा. १८५५ साली इंग्लंडमध्ये लीड्सला बांधलेली. १९०९ साली निवृत्त झाली. पुढे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, १९९७ साली, चेन्नईतल्या पेरांबूर कारखान्यातल्या लोकांनी तिला पुन्हा चालती केली. दिल्ली छावणी ते अलवर, १४३ किलोमीटर, मागे प्रवासी घेऊन ती धावू लागली. नियमित धावणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून १९९८ साली गिनीज बुकात तिची नोंद झाली. वजन अवघं २६ टन, जास्तीत जास्त वेग ताशी ४० किलोमीटर. पण मधलं चाक बघा, सहा फूट व्यासाचं! आपल्यातले उंच गृहस्थ शेजारी उभे केले तर चाकाइतकेच भरतील.

शरदच का?

आता थोडं तांत्रिक, पण कंटाळा येऊ देणार नाही.

पहिली गोष्ट उजेडाची. जूनमध्ये जयपूरला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा इंजिनाच्या पोटाखाली नुसता काळोख. चाकं, दांडे, सिलिंडर, म्हणजे जे बघायचं तेच दिसत नाही. ऑक्टोबरच्या मध्याला भर दुपारचा सूर्यही ५५ अंशांच्या आसपास असतो आणि नोव्हेंबरच्या मध्याला ४५ अंशांवर येतो. सकाळी सात ते नऊ या वेळात तर उजेड आडवा येतो, तो थेट चाकांच्या मधे शिरतो. तेल लावलेला दांडा सोन्यासारखा चमकतो.

दुसरी गोष्ट वाफेची. बालमित्रांनो, वाफ दिसते का? नाही. खरी वाफ अदृश्य असते. चहाच्या किटलीच्या तोंडाशी नीट पाहा, तोंडाला लागून थोडी जागा रिकामी दिसते आणि मग पांढरं सुरू होतं. ते पांढरं म्हणजे थंड होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. हवा जितकी थंड, तितका तो ढग दाट होतो आणि जास्त वेळ टिकतो. म्हणून मे महिन्यात इंजिन जणू उघडंबोडकं पळतं आणि कार्तिकातल्या सकाळी तेच इंजिन फेटा बांधून निघतं.

तिसरी गोष्ट वेगाची. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. शटर एक-पाचशेवर ठेवलं तर तेवढ्या वेळात इंजिन दोन सेंटिमीटरच्या थोडं पुढे सरकतं, एक-साठवर ठेवलं तर अठरा सेंटिमीटर. आणि एक गंमत सांगतो. चाकाचा वरचा भाग इंजिनाच्या दुप्पट वेगानं पुढे जातो, आणि जो बिंदू रुळाला टेकलेला असतो तो त्या क्षणी स्थिर असतो. हा फोटो बघा. चाकाचे आरे वर पुसट आहेत आणि खाली स्पष्ट. हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे, चाकाचा स्वभाव आहे.

माझी एक चूक

हा पुढचा फोटो मी घरी कुणाला सहसा दाखवत नाही. आहे चांगला. पण तो काढताना मी जे केलं ते इथे मुद्दाम सांगतो, कारण समोर तरुण मुलं बसली आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. अलवरच्या बाजूला एका वळणावर फेअरी क्वीनची वाट बघत उभा होतो. तेव्हा रोलचा कॅमेरा. छत्तीस फोटो संपले की संपले. गाडी दिसली आणि मी खटाखट बटण दाबत सुटलो. इंजिन पूर्ण चौकटीत यावं म्हणून एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं, मग तिसरं. डोळा भिंगाला चिकटलेला. तेवढ्यात दंडाला जोरात हिसका बसला आणि मी गवतात आडवा झालो. एका गँगमननं मला ओढलं होतं. मी मागच्या मागे शेजारच्या रुळावर जाऊन उभा राहिलो होतो, आणि अर्ध्या मिनिटानं त्या रुळावरून एक्स्प्रेस गेली.

तो गँगमन मला काहीच बोलला नाही. माझ्याकडे पाहिलं, हातातली झेंडी झटकली आणि चालू लागला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. रुळांवर कसं वागायचं हे दुसऱ्यांना शिकवायचा पगार घेणारा माणूस मी!

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. आधी परवानगी, मग कॅमेरा. उभं राहायचं ते कुंपणाबाहेर किंवा फलाटावर, आणि एकदा जागा धरली की भिंगाला डोळा लावून पाऊल हलवायचं नाही. ताशी ११० किलोमीटरनं येणाऱ्या गाडीला ब्रेक मारला तरी थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं. ड्रायव्हरनं तुम्हाला पाहिलं म्हणजे तुम्ही वाचलात असं नाही. आता वर २५,००० व्होल्टची तार आहे. तिला हात लावायची गरज नसते, नुसतं जवळ गेलं तरी ती ओढून घेते. डब्यावर चढून, काठीला मोबाइल बांधून फोटो काढणाऱ्यांसाठी हे सांगतोय. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा कायद्यानं गुन्हा आहेच. पण कायद्याचं राहू द्या, घरी आई वाट बघत असते एवढं लक्षात ठेवा.

उस्तादजी

आता ज्या गोष्टीसाठी मी आज खरं तर उभा राहिलो, तिच्याकडे येतो.

रेवाडीची शेड खुली झाल्यावर एका शरदात मी तिथे जायचं ठरवलं. आमच्या वसाहतीजवळ एक वयस्क गृहस्थ राहत. फुलेरा शेडमध्ये फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. सगळे त्यांना उस्तादजी म्हणत. मी विचारलं, "चलेंगे?" तर पहाटे साडेतीनला फेटा बांधून दारात हजर!

त्या सकाळी शेडमध्ये एक इंजिन पेटवलेलं होतं. मोठं थंड इंजिन तयार करायचं म्हणजे कित्येक तासांचं काम असतं. आग आदल्या दिवशीच धरावी लागते, कारण बॉयलर घाईनं तापवला तर पत्रे आणि सांधे ताणले जातात. उस्तादजी इंजिनाजवळ गेले आणि त्यांनी काय करावं? चप्पल काढली, बफरला हात लावून तो कपाळाला लावला. मी फोटो काढायला विसरलो. मी आपला सूर्य कुठून येतोय ते बघत होतो.

तिथे आणखी काही हौशी फोटोवाले आले होते. त्यांनी इंजिनावरच्या माणसांना हाका मारल्या, धूर काढा, काळा धूर काढा. मीही ओरडलो. काळ्या धुराशिवाय फोटो कसला? तेव्हा उस्तादजींनी माझा खांदा धरला आणि म्हणाले, "साहब, काला धुआँ क्यूँ माँगते हो? काला धुआँ तो फायरमैन की बदनामी है."

मग त्यांनी मला समजावलं. आपल्या हवेत पुरतं न जळलेलं इंधन म्हणजे काळा धूर. ज्याला आग राखता येते तो फावडाभर कोळसा थोडा-थोडा, बरोबर जागी टाकतो. त्याच्या चिमणीतून फिकट करडा धूर निघतो. काळा धूर दिसला की स्टेशनमास्तरलासुद्धा कळायचं, नवखा पोरगा आहे, किंवा कोळसा वाया घालवतोय. आणि आवाज. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार फुसकारे. उस्तादजी डोळे मिटून ते मोजायचे. चारांपैकी एक लंगडा पडला तर कुठला झडपदांडा बिघडलाय ते सांगायचे. ज्या इंजिनावर मी डिप्लोम्याच्या पुस्तकात चार पानं वाचली, ते या माणसाच्या कानात होतं.

शेडमधल्या मंडळींनी त्यांना मानानं वर चढवलं. त्यांनी फावडं हातात घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पावलं कशी टाकायची, भट्टीचं दार किती वेळ उघडं ठेवायचं, सगळं हातात होतं. आगीचा लाल उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. मी खाली उभा राहून इंजिनाचे फोटो काढत होतो. वाफ सुंदर होती, ऊन सुंदर होतं. डिजिटल कॅमेरा, रोलचा खर्च नाही. त्या सकाळी मी चारशेच्या वर फोटो काढले.

परतीच्या गाडीत उस्तादजींनी विचारलं, "सब आ गया ना फोटू में?" मी म्हणालो, "सब आ गया."

दोन वर्षांनी हिवाळ्यात ते गेले. नवव्या-दहाव्या दिवशी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. बाराव्याला ठेवायला फोटो हवा होता. घरी जो होता तो ओळखपत्राचा, तरुणपणचा, डाग पडलेला. मुलगा म्हणाला, "पिताजी कहते थे, साहब ने मेरी इंजन पर फोटो ली है."

मी संगणक लावला. रात्री दोन वाजेपर्यंत चारशे फोटो एकेक करून बघितले. चाकं होती, दांडे होते, वाफ होती, गवताचे तुरे होते. एका फोटोत फुटप्लेटच्या कोपऱ्यात एक कोपर आणि फावड्याचा दांडा होता. तेच उस्तादजी. चेहरा एकाही फोटोत नव्हता. उलट काही ठिकाणी कुणीतरी मधे येतंय म्हणून मी चौकट बाजूला सरकवलेली दिसत होती. त्या माणसानं घरी जाऊन अभिमानानं सांगितलं होतं की माझा फोटो निघाला.

तो कोपराचा फोटो मी मोठा करून मुलाला दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. म्हणाला, "हाथ तो उन्हीं का है." आजही त्यांच्या बैठकीत तो लावलेला आहे. मी सणासुदीला गेलो की त्या भिंतीकडे बघवत नाही.

मग मी काय बदललं

तेव्हापासून मी कुठेही गेलो की पहिला फोटो माणसांचा काढतो. ड्रायव्हर, फायरमन, फिटर, पॉइंट्समन, चहा आणणारा पोरगा. नाव, गाव आणि काम वहीत लिहून घेतो. एक प्रत त्यांना पाठवतो. मग इंजिन. इंजिन कुठे पळून जात नाही, ते शेडमध्ये आहे, फार तर पुढच्या शरदात बघू. माणूस मात्र पुढच्या शरदात असेलच असं नाही.

कुणी विचारतं, आता हा छंद पुढे चालणार का? फेअरी क्वीन २०१७ साली पुन्हा दिल्ली-रेवाडी धावली. २०१८ साली हरियाणात गढी हरसरू ते फर्रुखनगर या छोट्या मार्गावर 'आझाद' प्रवासी गाडीला जोडला गेला. आपल्या राजस्थानात मारवाड जंक्शन ते खामलीघाट या अरवलीतल्या मीटरगेज मार्गावर ऑक्टोबर २०२३ पासून वारसा गाडी सुरू झाली. घाट अप्रतिम आहे, पावसानंतर अवश्य जा. तिचं इंजिन वाफेच्या इंजिनासारखं दिसतं, पण आत डिझेल आहे. काही जण यावर नाक मुरडतात. मला विचाराल तर त्या निमित्तानं लोक घाट बघतात, मुलं प्रश्न विचारतात, तर वाईट काय? मात्र मुलांना खरं सांगा. हा वेष आहे, आग नाही. आणि खरी आग बघायची असेल तर रेवाडीला घेऊन जा, भट्टीचं दार उघडल्यावर धग तोंडावर येऊ द्या. ती फोटोत येत नाही.

आता शेवटचं, आणि आपल्या घरचं. हे भाषण तयार करताना चिटणीसकाकांनी मला मंडळाचे जुने अल्बमही दिले होते. दरवर्षीच्या मूर्तीचे फोटो आहेत, आराशीचे आहेत, पाहुण्यांचा सत्कार आहे. पण रात्री तीन वाजता शिडीवर चढून माळा जोडणारे काका कुठे आहेत? दीडशे माणसांचं पुरण वाटणाऱ्या काकू? विसर्जनाला मूर्ती खांद्यावर घेणारी मुलं पाठमोरी आहेत, आणि मागे एकाचंही नाव लिहिलेलं नाही. ज्यांना ती नावं सांगता येतील अशी मंडळी आज पहिल्या दोन रांगांत बसलेली आहेत. उद्या आरतीनंतर मी ते अल्बम घेऊन इथेच बसणार आहे, पेन्सिल घेऊन. कृपया येऊन नावं सांगा. आणि येताना घरात आजोबा-पणजोबांचे रेल्वेतले, गिरणीतले, फौजेतले फोटो असतील तर तेही आणा.

माझ्या हातून एक चेहरा राहून गेला. आपल्या हातून आणखी राहू नयेत, एवढंच मागणं बाप्पापाशी आणि तुमच्यापाशी.



गणपती बाप्पा मोरया!